दांड्याच्या पिचकाऱ्या : शिमग्यापासून दिवाळीपर्यंत वापरून

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. दांडा ओढून पाणी भरायचं आणि दाबून मारायचं, अशी साधी पिचकारी आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी घेत असाल तर सडपातळ नळीची घ्या. आतला व्यास 30 मिलिमीटरच्या आसपास असला की पुरे. शेजारीच 'जंबो' लिहिलेली जाडजूड पिचकारी टांगलेली असते आणि पोरांचा डोळा नेमका तिच्यावर असतो. तिथे मन घट्ट करा.

आम्ही शिमग्याच्या आधी बेळगावच्या गणपत गल्लीतून तीन प्रकारच्या घेतल्या: बाहेरून फोमचं वेष्टण असलेली सडपातळ, मधल्या जाडीची पारदर्शक, आणि मनगटाएवढी जंबो. घरात आजोबांच्या वेळची एक पितळी होतीच. आमचं घर तिथल्याच शहापूरला. बेळगाव शहरात रंग धुळवडीला, पांगुळ गल्लीत अश्वत्थामा मंदिरापुढे लोटांगणं त्याच दिवशी; शहापूर-वडगावात मात्र रंग रंगपंचमीला. पोरं दोन्हीकडे हजर. त्यानंतर मे महिन्यात कोल्हापूर आणि चंदगडची भाचरं आली आणि मागच्या अंगणात विहिरीजवळच्या हौदावर रोज दुपारी लढाई जुंपली. शिमग्यात पिचकारीची जेमतेम ओळख होते, खरा कस उन्हाळ्याच्या सुट्टीत लागतो.

मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडर जोडायचं काम करतो. पिचकारी म्हणजे तोच सिलिंडर: बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, स्ट्रोक म्हणजे दांड्याची धाव, पिस्टन म्हणजे दांड्याच्या टोकाचा दट्ट्या, पाणी-हवा अडवणारं सील, पुढे भोक. म्हणून जे आम्ही कारखान्यात बघतो तेच हिच्यात बघायला हवं, आणि ते पाकिटावर कुठेच छापलेलं नसतं. पाकिटावर असतं 'अमुक मीटर फेक'.

फेक ठरते ती भोकातून पाणी किती वेगाने निघतं त्यावर. भोक 4 मिलिमीटरचं धरा. पाणी सेकंदाला 10 मीटर वेगाने निघालं, तर हवेचा अडथळा सोडून हिशोबाने ते 10 मीटर लांब जाईल. अंगणात त्याहून कमीच मिळतं. एवढ्या वेगासाठी नळीत जो दाब लागतो, तो तयार करायला 30 मिलिमीटरच्या नळीत दांड्यावर साधारण साडेतीन किलोचा जोर पुरतो. नळी 40 ची झाली की साडेसहा किलो, आणि 50 ची झाली की दहा किलो. वायसरचं घर्षण यात धरलेलंच नाही. दहा किलोचा जोर पाच-साडेपाच सेकंद सलग लावत राहणं मोठ्या माणसाला जमेल, चौथीतल्या मुलाला नाही. तो अर्ध्यात दमतो, धार वाकते आणि पाणी त्याच्याच पायाशी सांडतं. जंबोबाबत आमच्याकडे अगदी हेच झालं. थोरला पुतण्या कॉलेजात आहे, त्याच्या हातात ती जबरदस्त चालते. बाकी पोरांनी दोन दिवसांत टाकून दिली आणि सडपातळ पिचकारीवरून भांडणं सुरू झाली.

पाणी कमी मावतं हे खरं. पस्तीस सेंटिमीटरच्या स्ट्रोकमध्ये सडपातळ नळीत पाव लिटर, जंबोत पावणेसात डेसिलिटरच्या घरात. पण पाव लिटर दोन सेकंदांत मारून होतं आणि तेवढ्याच झटक्यात परत भरता येतं. लढाईत जो हौदाजवळ कमी वेळ वाकून असतो त्याच्यावर कमी पाणी पडतं. शिवाय आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. विहीर नसती तर जंबोने आईचा जीव खाल्ला असता.

आता भरण्याबद्दल, कारण माझ्या मते निम्म्या पिचकाऱ्या इथेच नापास होतात. मे महिन्यातल्या एका दुपारी धाकटा भाचा हौदावर वाकून मधली पारदर्शक पिचकारी ओढत होता आणि ओरडला, "मामा, निस्ती हवाच येऊलीय बघ की!" नळी उन्हात धरून बघितली. तोंड पाण्यात पूर्ण बुडालेलं, तरी पिस्टनच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ नळीत शिरत होती. मागची टोपी फिरवून दांडा बाहेर काढला तर आत कप वायसर निघाला, सायकलच्या पंपात असतो तसला. दाबताना त्याची ओठासारखी कड नळीला घट्ट बसते, ओढताना मात्र ती आत दुमडते आणि मागची हवा सोडते. सायकलच्या पंपात तेच हवं असतं. पिचकारीला दोन्हीकडून अडवणारं सील लागतं, म्हणजे खाचेत बसवलेली ओ-रिंग, रबराची गोल कडी. सडपातळ पिचकारीत ती होती, म्हणून तिने कधी हवा ओढली नाही.

तेव्हा दुकानात उभे असतानाच एक गोष्ट करून बघा. दांडा आत ढकला, तोंडाच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दांडा ओढा. सोडल्यावर तो आपोआप आत ओढला गेला तर सील चांगलं. जिथला तिथे राहिला तर हवा आत शिरली, ती पिचकारी परत ठेवा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

सुट्या वायसरसाठी मी एका कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. ओ-रिंग मात्र सील विकणाऱ्या दुकानात काही रुपयांत मिळते. बेळगावात फाउंड्र्या आणि हायड्रॉलिकचे कारखाने असल्याने उद्यमबाग-मच्छे भागात तर हव्या त्या मापाची. नायट्राइल रबराची मागा. जुनी रिंग सोबत न्या, माप तोंडी सांगून चुकतं. मधल्या पिचकारीच्या पिस्टनवर मी लेथवर खाच पाडून घेतली आणि ओ-रिंग बसवली. त्यानंतर ती सडपातळ पिचकारीच्या बरोबरीने चालली. वंगण म्हणून सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका. साधं रबर तेलाने फुगतं आणि दांडा जाम होतो. शेजारच्या वाड्यात दोन पिचकाऱ्या अशाच गेल्या.

धार फाटते त्याचं कारण बहुतेक वेळा भोकातच असतं. तोंड उजेडाकडे धरून आत बघा. साच्याच्या जोडावर प्लॅस्टिकचा केसाएवढा पातळ पापुद्रा आत आलेला दिसेल. पाणी त्यावर आपटतं आणि धारेचे तुषार होतात. गोल कानस हलक्या हाताने फिरवली की धार काचेच्या कांडीसारखी सरळ निघते. भोक मोठं मात्र करू नका, तेवढाच वेग ठेवायला दांडा जास्त भरभर दाबावा लागतो. आणि पाणी भरल्यावर तोंड वर करून आधी हवा काढून टाका, आम्ही सिलिंडर ब्लीड करतो तशी. हवा दबते, पाणी दबत नाही. आत हवा राहिली की पहिली धार खोकत निघते.

रंग घालायचा असेल तर फडक्यातून गाळून घाला. न विरघळलेले कण सील आणि नळी दोन्ही खरवडतात. रंगपंचमीनंतर पारदर्शक नळीत उभे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

इजेबद्दल दोन गोष्टी. जवळून तोंडावर धार मारायची नाही, डोळ्याला ती खरंच लागते. आमच्याकडे छातीच्या वर मारलं की डाव बाद. दुसरी कमी लोकांच्या लक्षात येते: जोरात दाबताना शेवटी मूठ आणि नळीची मागची टोपी यांच्यात बोट चेंगरतं. मुठीच्या आत रबराचा बफर असलेली पिचकारी बघा, नसेल तर दांड्यावर जाड रबरी नळीचा तुकडा चढवा. लहान मुलांच्या खेळण्यांवर 2021 पासून आयएसआय खूण सक्तीची आहे, तीही शोधा. रस्त्यावर ढिगाने विकल्या जातात त्यांतल्या पुष्कळांवर ती नसते.

टाकीवाल्या, हवा भरायच्या बंदुकांचं कुणी विचारेल. लॉनी जॉन्सन या अमेरिकन अभियंत्याची ती कल्पना, 1990 साली बाजारात आली आणि फेकीला तोड नाही. पण आपल्याकडच्या स्वस्त नकलांचा व्हॉल्व्ह गेला की बंदूक गेली. आत उघडताच येत नाही. दांड्याच्या पिचकारीत बिघडायला सीलशिवाय काही नाही आणि तेही घरी बदलता येतं.

पितळीबद्दल सांगायला हवं. तिचा वायसर चामड्याचा. कोरड्याने आकसलेला असतो, म्हणून आदल्या रात्री पाण्यात घालून ठेवावी लागते. मग अशी बसते की दांडा ओढताना मनगटाला कळतं. जड आहे, मुलांच्या हातात देत नाही, पण सगळ्यात सरळ धार तिचीच.

पावसाळ्यात खेळ थांबला तेव्हा सडपातळ पिचकारी मिरचीच्या रोपांवर निंबोळी अर्क मारायला वापरली. जास्त दिवस ठेवताना पाणी पूर्ण झटकून, सावलीत. मधली पारदर्शक गच्चीवर उन्हात राहिली होती, तिला तोंडाजवळ तडा गेला आहे. येत्या शिमग्याला तिच्या जागी आणखी एक सडपातळच आणणार, आणि सोबत त्याच मापाच्या चार ओ-रिंगा.