पोस्टग्रेस १८ ची डॉकर इमेज: जागा बदलली, पण कारण पटलं

गेले काही महिने आमचे डेटाबेस पोस्टग्रेस (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) १८ च्या अधिकृत डॉकर इमेजवर (जिच्यातून कंटेनर, म्हणजे स्वतंत्र चालणारा कप्पा, उभा राहतो ते तयार पॅकेज) आहेत. वेगाबद्दल पुष्कळ लिहून झालंय, म्हणून मी फक्त डेटाच्या जागेबद्दल लिहितो.

आवृत्ती १७ पर्यंत व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर डेटा टिकवणारी जागा) '/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा' वर जोडायचा. प्रत्येक कंपोज फाइलमध्ये (कंटेनर कसा चालवायचा ते सांगणारी फाइल) वर्षानुवर्षं हाच पाथ. १८ पासून तो एक पायरी वर जोडायचा; आत '१८/डॉकर' असं फोल्डर आपोआप होतं. वाचताच वाटलं, चालत्या गाडीला खीळ कशाला घालताय?

कारण पीजी_अपग्रेडमध्ये, म्हणजे जुन्या आवृत्तीचा डेटा नव्या आवृत्तीवर नेणाऱ्या साधनात आहे. 'लिंक' पर्याय दिला की तो फाइली कॉपी न करता हार्ड लिंक करतो (त्याच फाइलला दुसरं नाव देतो), पण त्यासाठी जुनं-नवं फोल्डर एकाच फाइलसिस्टिमवर लागतं. जुन्या रचनेत दोन्ही वेगळ्या माउंटवर (वेगवेगळ्या जोडलेल्या जागांवर), म्हणजे शेकडो जीबी कॉपी होईपर्यंत बसून राहा. आता १८ च्या शेजारीच १९ मावेल.

टेस्ट सर्व्हरवर जुनी कंपोज फाइल मुद्दाम तशीच ठेवून इमेज बदलली. कंटेनर उठलाच नाही. जुन्या जागी डेटा दिसतोय, रचना बदलली आहे, असं लॉगमध्ये सविस्तर आलं. मला हे फार आवडलं. गुपचूप रिकामा डेटाबेस उभा राहिला असता, तर गोंधळ ॲपमधून कळला असता. (१७ चा डेटा १८ थेट उघडत नाही, ते वेगळंच.)

२०१७ मध्ये पोस्टग्रेसच्या आवृत्ती १० ने बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'पीजी_एक्सलॉग' फोल्डरचं नाव 'पीजी_वॉल' केलं, तेव्हाही कारण रास्त होतं: 'लॉग' बघून लोक डिस्क मोकळी करायला आतल्या फाइली उडवायचे आणि डेटाबेस गमवायचे. पण सोबत फंक्शनांची नावंही बदलली आणि मॉनिटरिंगच्या स्क्रिप्टा दुरुस्त करत बसावं लागलं. लिनक्समध्ये '/व्हार/रन' चं '/रन' झालं, तेव्हा सिमलिंक (जुन्या पाथवरून नव्याकडे नेणारा दुवा) ठेवली. जुन्या स्क्रिप्टा अजून चालतात. जमेल तिथे असंच करावं.

तक्रार एकच. बॅकअप, डिस्क अलर्ट, असा पाथ कुठे कुठे लिहिलेला असतो, ते आपलं आपणच शोधायचं. आधी ग्रेप (फाइलींतला मजकूर शोधणारी कमांड) मारून यादी काढा, मग इमेजला हात लावा.

अजून १७ वर असाल तर डेटाची जागा सांगणाऱ्या 'पीजीडेटा' व्हेरिएबलला '१७/डॉकर' चा पाथ देऊन, डेटा तिथे हलवून, नवी रचना आत्ताच लावता येते. आणि १८ मध्ये चेकसम (डेटा बिघडलाय का ते ओळखणारे आकडे) डिफॉल्ट चालू असतात. जुन्या क्लस्टरवर (पोस्टग्रेसच्या डेटाबेस-संचावर) ते बंद असतील तर पीजी_अपग्रेड अडतं, तेव्हा दोन्हीकडचं सेटिंग आधी जुळवून घ्या.