हिवाळ्याच्या वाफ्यात मेथी की पालक?

बेळगाव भागात परतीचा पाऊस आवरला आणि रात्री गारवा धरू लागला, की परसातल्या एकाच मोठ्या वाफ्यात मेथी टाकावी की पालक, हा प्रश्न उभा राहतो. दोन्ही भाज्या महिनाभरात हाती येतात. खरा फरक त्यानंतर सुरू होतो.

पालकाची बाजू भक्कम आहे. 'ऑलग्रीन'सारखे वाण एकदा पेरले की दर पंधरा-वीस दिवसांनी कापता येते आणि थंडी टिकेपर्यंत पुन्हा बियाण्याकडे पाहावे लागत नाही. मेथी मात्र मुळासकट उपटायची, वाफा खुरपायचा, पुन्हा पेरायची. शिवाय एखादी अवकाळी सर आली की कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी होतात. खानापूरकडच्या तांबड्या मातीत पाणी लवकर झिरपते, म्हणून तेथे हे भय कमी; अथणीकडच्या काळ्या रानात गादीवाफ्यावाचून मेथीच्या वाटेला जाऊ नये.

तरीही माझा कौल फिरला तो पालकावरच्या नागअळीमुळे. पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर खात ही अळी पांढरी नागमोडी रेघ ओढत जाते. ती पानाच्या आत असल्यामुळे धुऊन निघत नाही, आणि जे पान चार दिवसांत ताटात येणार त्यावर औषध मारायला हात धजत नाही. चिरण्यापूर्वी एकेक पान उजेडाकडे धरून पाहण्याचा कंटाळा येतो तो वेगळाच. पोसलेली अळी बहुधा खाली पडून मातीत कोष करते, आणि त्यातून माशी बाहेर येईतो कापलेल्या बुडख्यांना नवी पाने फुटलेली असतात. म्हणजे पालक दीर्घकाळ उभा राहतो, हा त्याचा गुणच अळीच्या पथ्यावर पडतो. नागअळी मेथीलाही लागते; पण वाफा महिन्यात रिकामा होऊन माती उन्हात पडते, त्यामुळे तिचा जम बसत नाही, निदान माझ्या परसात तरी.

पुन्हा पेरणीचे कामही वाटते तितके जड नाही. किराणा दुकानातली मेथी रात्रभर भिजवून टाकली तरी बहुधा उगवते. आठवड्याच्या अंतराने एकेक पट्टा पेरत गेल्यास, जोंधळ्याच्या भाकरीबरोबर कांदा आणि शेंगाचटणीच्या जोडीने कच्ची खाण्याजोगी मेथी सतत हाताशी राहते. पालक असा कच्चा आपल्याकडे सहसा कोणी मागत नाही.

ज्यांना वारंवार पेरणीस सवड नाही, त्यांना पालक अधिक सोयीचा वाटेल, हे मी नाकारत नाही. त्यांनी तो पसरट कुंडीत वेगळा ठेवावा, रेघ दिसताच ते पान तोडून परसाबाहेर न्यावे आणि प्रत्येक कापणीनंतर वरची माती हलवावी. कापून पुन्हा फुटणारी भाजीच हवी असेल, तर कसुरी मेथी हा मधला मार्ग आहे. मात्र तिची वाढ साध्या मेथीपेक्षा सावकाश होते, म्हणून तिची पेरणी शक्यतो ऑक्टोबरअखेरीपलीकडे ढकलू नये.