सांगलीच्या पाण्यात सौर बंब: तीन वर्षांचा हिशेब

विश्रामबागेतील आमच्या घराच्या गच्चीवर काचनळ्यांचा १०० लिटरचा सौर बंब बसवून तीन वर्षे झाली. जोडणीसह त्याला २४,००० रुपये लागले. विजेचा गिझर ७,००० रुपयांत मिळत होता आणि हा १७,००० रुपयांचा फरक पाहून घरातल्यांचे मन कचरत होते.

१०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण ४ युनिट वीज लागते, म्हणजे युनिटला १० रुपये धरले तर रोजचे ४० रुपये होतात. उन्हाळ्यात एवढे गरम पाणी कोणी वापरत नाही आणि पावसाळ्यात ढगांमुळे विजेची कांडी लावावीच लागते, म्हणून मी वर्षाचे १२५ दिवसच मोजले, तरी ५,००० रुपये वाचतात आणि साडेतीन वर्षांत फरक फिटतो.

आमच्या बोअरचे पाणी जड आहे. जुन्या गिझरची कांडी दर वर्षी पांढऱ्या क्षाराच्या जाड थराने माखून निघे. काचनळ्यांत तो त्रास बराच कमी असला, तरी वर्षातून एकदा त्या धुऊन घ्याव्याच लागतात.

माझी खरी तक्रार जोडणीबद्दल आहे. कारागिराने गरम पाण्याच्या नळाला उष्णतारोधक आवरण घातलेच नव्हते, त्यामुळे थंडीत गरम धार येईपर्यंत दीड बादली पाणी वाया जात असे, आणि दुकानदाराने दोन महिने दाद दिली नाही. अखेर ते आवरण मी पदरमोड करून बसवले. खरेदीच्या पावतीवर त्याचा उल्लेख आवर्जून करून घ्यावा.