काउंटी कॉलेजातले संध्याकाळचे प्री-मेड (मेडिकलच्या आधीचे) कोर्स, दोन मुलं आणि मी: ५ पैकी साडेतीन

कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण तक्रारीही करायच्यात, न्यू जर्सीतलं आमच्या काउंटीचं कम्युनिटी कॉलेज आहे एवढं पुरे. माझं वय ३७, मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन, नवरा आठवड्यातले तीन दिवस न्यूयॉर्कच्या ऑफिसात. पुण्याची मायक्रोबायोलॉजीची बीएस्सी आहे माझी, पण इथे मेडिकलच्या अर्जात, म्हणजे एएमसीएएसमध्ये, आपल्याकडचे मार्क जीपीएत (मार्कांच्या सरासरीत) धरत नाहीत आणि बहुतेक मेडिकल स्कूलना सायन्सचे कोर्स इथलेच लागतात. म्हणून परत पहिल्यापासून मोल आणि मोलॅरिटी. बायो, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, सगळे दोन-दोन सेमिस्टर लॅबसकट, वर बायोकेमिस्ट्री, आणि एमकॅटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी, सायकॉलॉजी-सोशिऑलॉजी.

आधी तक्रार. अॅडव्हायझरने पंधरा मिनिटांत एक छापील शीट हातात दिलं, पहिल्याच सेमिस्टरला बायो १, केमिस्ट्री १, फिजिक्स १, एकूण १२ क्रेडिट, "फुल टाइमसाठी मिनिमम आहे" म्हणाल्या आणि मीपण मान डोलावून आले. घरी कोण असतं हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आता हिशोब बघा, ४ क्रेडिटचा लॅब कोर्स म्हणजे ३ तास लेक्चर आणि ३ तास लॅब, असे तीन म्हणजे आठवड्याला १८ तास नुसतं वर्गात बसायचं, आणि क्रेडिटमागे दोन तास अभ्यास धरतात तो अजून २४ तास. झाले ४२. यात ड्रायव्हिंग नाही, डबे नाहीत, पोराचं पॉटी ट्रेनिंग तर नाहीच नाही.

सहाव्या आठवड्यात व्हायचं तेच झालं. टायट्रेशन चालू होतं, फिनॉल्फ्थॅलीनचा रंग जेमतेम गुलाबी दिसला की थांबायचं असतं, मी थेंब थेंब सोडतेय आणि खिशात फोन थरथरतोय. बघितला तर नवऱ्याचा मेसेज, "१०२ ताप आहे, टायलेनॉल कुठे ठेवलंय". उत्तर टाइप करून मान वर केली तर ब्युरेटचा कॉक उघडाच, फ्लास्कात झक्कास राणी कलर. परत पहिल्यापासून. घरी पोचायला पावणेदहा.

दुसऱ्या दिवशी फिजिक्स सोडलं, डब्ल्यू लागला, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याचा शेरा. डब्ल्यू ट्रान्स्क्रिप्टवर दिसतो पण जीपीएत मोजत नाहीत, उलट सी पडला आणि मग कोर्स रिपीट केला तर एएमसीएएस दोन्ही मार्क धरतं. हे मला अॅडव्हायझिंगने नाही सांगितलं, लॅबच्या सरांनी काचा धुता धुता सांगितलं.

मग प्लॅन मीच केला. केमिस्ट्री १, २, मग ऑरगॅनिक १, २ हे एकामागे एकच घ्यावे लागतात, मध्ये उडी मारता येत नाही, म्हणून आधी ते चार सेमिस्टर कागदावर मांडले आणि बायो-फिजिक्स जागा मिळेल तिथे बसवले. नेहमीच्या सेमिस्टरला लॅबचा एकच कोर्स आणि जोडीला स्टॅट्ससारखं काहीतरी ऑनलाइन. दोन लॅब फक्त सासूबाई इथे असतील तेव्हाच. त्यांना साधारण सहा महिने राहता येतं, ऑगस्टच्या शेवटी आल्या की फॉल सेमिस्टर अख्खा निघतो. त्या म्हणाल्या पोरांचं मी बघते, पण मला तुमच्या त्या डिशवॉशरला हात लावायला सांगू नकोस. चालतंय की!

एच-४ वाल्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या मैत्रिणी विचारतात म्हणून, एच-४ वर पार्ट टाइम शिकता येतं, फुल टाइमची सक्ती एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावाल्यांना असते. पण बऱ्याच मेडिकल स्कूलना ग्रीन कार्ड लागतं, तेव्हा आधी ते बघा मग फी भरा.

शिकवणं मात्र पाच स्टार. वर्गात तीसेक जण, सर नावाने ओळखतात, ट्युटरिंग सेंटर फुकट. ऑरगॅनिकच्या मॅडम मॉडेल किटचे गोळे-काड्या हातात देऊन कायरॅलिटी (रेणूंचं डावं-उजवंपण) शिकवतात, आमच्या मुलीला घरी तेच खेळणं झालंय. डेकेअर मात्र कॅम्पसवरचं साडेपाचला बंद आणि लॅब सहाला सुरू, हे कुणी ठरवलं देव जाणे.

समरला ऑरगॅनिक घेऊ नका, पंधरा आठवड्यांचं सहा आठवड्यांत कोंबतात आणि तेव्हाच पोरांनाही सुट्टी असते. संध्याकाळचं ऑरगॅनिक २ चं सेक्शन एकच आहे, २४ सीट. रजिस्ट्रेशन उघडतं त्या सकाळी पोरांना शाळेत सोडायला नवऱ्याला पाठवा आणि लॅपटॉपसमोर बसा, मी गेल्या वेळी दुपारी लॉगिन केलं तर वेटलिस्टवर नववी होते.