पॅरिशचा (आमच्या चर्चचा) लेंटचा कार्यक्रम पूर्ण केला, आता रिव्ह्यू

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या लेंट या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, १८ फेब्रुवारी २०२६ ला, कपाळावर राख लावून बाहेर पडले तर दारातच कोणीतरी फॉर्म हातात दिला आणि मी उत्साहाच्या भरात सगळ्यावरच टिक मारून टाकली, रोजची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), शुक्रवारची क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या चौदा प्रसंगांवरची प्रार्थना), बायबल ग्रुप, तीन संध्याकाळची रिट्रीट (ध्यान-प्रवचनांचा कार्यक्रम), दानाचा डबा, उपवासाची जोडी, सगळं. दुसऱ्या आठवड्यात पार ढेपाळले. ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांच्यासाठी आत्ताच सांगते, दोन गोष्टी निवडा आणि त्या शेवटपर्यंत करा.

सगळ्यात भारी बायबल ग्रुप, आणि ही मला अजिबात अपेक्षा नव्हती. रविवारच्या मिस्सेतल्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, यंदा त्यातलं पहिलं वर्ष चालू आहे, त्यामुळे लेंटच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातले ते तीन लांबलचक उतारे येतात, विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध माणूस आणि लाजरस. मुळात हे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठीचे उतारे, त्या तीन रविवारी मिस्सेत त्यांच्यासाठी खास प्रार्थना पण होते. आमच्या ग्रुपमध्ये अशी दोन मोठी माणसं होती. त्यातल्या एकाने विचारलं की त्या आंधळ्याला दिसायला लागल्यावर त्याचे आईवडील "त्यालाच विचारा" म्हणून हात का झटकतात? आम्ही जन्मापासूनचे कॅथलिक, एकमेकांकडे बघत बसलो. मी तो उतारा शंभरदा ऐकला असेल पण ते घाबरलेले आईवडील मला कधी दिसलेच नव्हते. ईस्टरच्या आदल्या रात्री त्या दोघांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आमचा अख्खा ग्रुप आपल्याच घरचं कार्य असल्यासारखा पुढे जाऊन उभा होता.

उपवासाची जोडी ही आयडिया कोणाची होती माहीत नाही पण त्या माणसाला माझे पूर्ण मार्क. चिठ्ठ्या टाकून दोघादोघांच्या जोड्या लावल्या, आठवड्यातून एकदा एकमेकांना विचारायचं, जमतंय का. मला आल्या सत्तरीच्या एक काकू. मी ठरवलं होतं रात्री नऊनंतर फोन बंद, काकू आठवड्यातून एकदा कसल्या, रोज सकाळी मेसेज टाकायच्या, "काल किती वाजता बंद केलास गं?" एकटी असते तर पहिल्या शनिवारीच सोडलं असतं. नियमांचं पत्रक पण स्वच्छ होतं, पोटाचा उपवास फक्त राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, वय १८ ते ५९, एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं, मांस वर्ज्य १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून, आजारी माणसांना सूट. आणि दरवर्षीचा वाद, लेंटच्या चाळीस दिवसांत रविवार धरायचे का? बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस होतात ४६, सहा रविवार काढा, ४० उरतात. झालं.

क्रूसाची वाट छान, चौदाही स्थानांवर वेगवेगळ्या घरांनी वाचलं, लहान मुलं अडखळत वाचत होती तेच जास्त मनाला लागलं. फक्त गुडघे दुखणाऱ्यांनी खुशाल बाकावर बसावं, कोणी बघत नाही.

आता तक्रारी. रिट्रीट म्हणजे तीन दिवस दीड-दीड तास स्लाइड्स, आणि शांत बसायला शेवटी पाच मिनिटं, त्यातही माइक खरखरत होता. कन्फेशनचं (फादरांपुढे पापांची कबुली द्यायची ते) तर विचारूच नका, फक्त शनिवारी मिस्सेआधी अर्धा तास, तिसऱ्या नंबरवर असूनही माझा नंबर लागला नाही, घंटा झाली आणि फादर उठले. त्यांचा दोष नाही, एकटा माणूस किती ठिकाणी पुरणार, पण वेळ तरी वाढवा ना. वाचवलं ते चौथ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारने, पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला "प्रभूसाठी २४ तास". रात्रभर चर्च उघडं, साक्रामेंताची (मिस्सेतल्या पवित्र भाकरीची) आराधना, आणि कन्फेशनला बाहेरून आलेले दोन फादर. मी रात्री साडेअकराला गेले, रांग नाही, घाई नाही, दहा मिनिटं निवांत बोलता आलं. तुमच्याकडे हे होत नसेल तर पॅरिश कौन्सिलच्या मागे लागा, आणि होत असेल तर पवित्र आठवड्याची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्याची, वाट बघू नका, तेव्हा रांग दाराबाहेर जाते.

५ पैकी ३.५. अर्धा मार्क कापला कारण ईस्टरचा काळ ५० दिवसांचा असतो आणि आमचं सगळं ईस्टरच्या दिवशी, ५ एप्रिललाच गुंडाळलं, ग्रुप बंद, फॉर्म बंद, बोर्डावरची यादी पण काढून टाकली. काकूंना बहुतेक कोणी कळवलं नाही, सोमवारी सकाळी त्यांचा मेसेज आलाच, "काल किती वाजता?"