खऱ्या अनुभवांची श्राव्य सेवा : सहा महिने ऐकल्यानंतर

कलावंतांनी आपल्या आयुष्यातील प्रसंग सांगावेत आणि श्रोत्यांनी ते वर्गणी भरून ऐकावेत, अशी ही सेवा मी सहा महिने वापरली. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, पार्श्वसंगीताचा मारा नाही आणि निवेदकाने घेतलेला विराम कोणी कापून टाकलेला नाही.

माझी तक्रार ‘खरे अनुभव’ या विभागाविषयी आहे. एका अभिनेत्रीने वडिलांच्या अखेरच्या रात्रीचे कथन केले होते. वेदना ओसरल्या, ते शांतपणे बोलत राहिले आणि पहाटे गेले. मावसकाकांना तोच आजार असल्याने मी ते मावशीला ऐकवले, तिला धीर आला. पुढे त्याच अभिनेत्रीच्या मुलाखतीत कळले की, ती रात्र तीन निरनिराळ्या कुटुंबांच्या हकिकती जोडून रचलेली होती. रचण्यात काहीच गैर नाही, पण ‘माझे वडील’ असे म्हटल्यावर ऐकणारा त्या शब्दांवर आपले निर्णयही सोपवतो.

अमेरिकेतील रंगमंचीय कथनकार माइक डेझी यांनी चीनमधील कारखान्यांविषयीचे कथन २०१२ साली ‘दिस अमेरिकन लाइफ’ या रेडिओ कार्यक्रमात सादर केले, तेव्हा एन-हेक्झेन या रसायनाची विषबाधा झालेल्या कामगारांना आपण भेटल्याचे त्यांनी सांगितले होते. तशी विषबाधा खरोखरच घडली होती, त्यांची भेट मात्र घडली नव्हती. हे उघड झाल्यावर त्या कार्यक्रमाने ते कथन मागे घेतले आणि त्यासाठी एक संपूर्ण भाग दिला. आपले काम पत्रकारिता नसून नाट्य आहे, हा डेझी यांचा बचाव मला पटत नाही, कारण ऐकणाऱ्याला ते आधी सांगितलेले नव्हते.

‘काही प्रसंग कल्पित’ अशी ओळ या सेवेत आहे, पण ती माहितीच्या पानावर, अगदी तळाशी. अमेरिकी दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या १९३८ मधील, मंगळवासीयांच्या हल्ल्यावरील नभोनाट्यात ते नाटक असल्याची घोषणा आरंभीच होती, तरी उशिरा रेडिओ लावणाऱ्या काहींची ती हुकली आणि त्यांना ते खरे वाटले. येथे तर कथनाचे तुकडे काढून इतरांना पाठवण्याची सोय आहे, म्हणून ती सूचना निवेदकाच्याच आवाजात आणि प्रत्येक तुकड्यासोबत असायला हवी.

कल्पित कथांचा विभाग मी ऐकत राहणार आहे. तो उत्कृष्ट आहे. मावशीला खरी हकिकत मी स्वतः जाऊन सांगितली, तेव्हा तिने विचारले, “मग ती शांत रात्र त्या तिघांपैकी कोणाची होती?” हा प्रश्न मी सेवेला लिहून पाठवला आहे, उत्तर अद्याप आलेले नाही.