पायथनचं पाथलिब: लग्नपत्रिकांच्या फोल्डरांवर चालवून बघितलं, पाचातले चार

दांडिया बाजारात मामांचं पत्रिका छापायचं दुकान आहे, मराठी पत्रिका आणि गुजराती कंकोत्र्या दोन्ही होतात, आणि प्रत्येक ऑर्डरचं एक फोल्डर, नाव सरळ नवरीचं. त्या फोल्डरांच्या पीडीएफ काढून नीट लावायचं काम पायथनमधे केलंय म्हणून हा रिव्ह्यू. पाथलिब म्हणजे फाइल-फोल्डरांचे पाथ, म्हणजे पत्ते, हाताळणारी लायब्ररी, पायथन 3.4 पासून म्हणजे 2014 पासून पायथनसोबतच येतं, वेगळं काही टाकायला लागत नाही. याच कामाच्या जुन्या ओएस.पाथपेक्षा हजारपट बरं, फोल्डर आणि फाइल मधे तिरकी रेघ मारून जोडा, झालं.

आता एक मार्क का कापला ते ऐका.

फोल्डरचं नाव "चि.सौ.कां. पूजा". याच नावाची पीडीएफ हवी तर कोणीही विथ_सफिक्स, म्हणजे एक्स्टेन्शन बदलणारं फंक्शन, लिहिणार ना? पण पाथलिबच्या लेखी शेवटच्या टिंबापासून पुढचं सगळं एक्स्टेन्शन, म्हणजे इथे ". पूजा" हेच एक्स्टेन्शन, स्पेससकट! ते उडवून .पीडीएफ लावतं आणि फाइल तयार होते "चि.सौ.कां.पीडीएफ". स्नेहलची पण तीच, ऋतुजाची पण तीच, सगळ्या नवऱ्या एकाच फाइलीवर येऊन बसतात, शेवटची राहते बाकीच्या पुसल्या जातात आणि एरर म्हणाल तर एक नाही. कॉपी केलेल्या डेटावर चालवलं होतं म्हणून नुसतं हसू आलं. यावर इलाज सोपा आहे, अख्खं नाव बदलणारं विथ_नेम वापरा आणि आहे त्या नावाला .पीडीएफ आपल्या हाताने जोडा. गंमत म्हणजे याच विथ_सफिक्सला टिंब न देता नुसतं पीडीएफ दिलं तर लगेच व्हॅल्यूएरर, म्हणजे चुकीची किंमत दिल्याची एरर! तिथे शिस्त आहे बघा.

दुसरं, जोडताना उजवीकडचं नाव तिरक्या रेघेने सुरू झालं तर डावीकडचा अख्खा रस्ता फेकून देतं, तेही गुपचूप. ओएस.पाथचा जॉइन पण असंच करतो, त्यामुळे याला एकट्याला काय बोलणार. ग्राहकाने फॉर्ममधे टाकलेलं नाव सरळ जोडत असाल तर आधी तपासा.

पाथमधलं "..", म्हणजे एक फोल्डर वर जा, मात्र स्वतःहून कापत नाही, काही जणांना ते खटकतं, मला बरोबर वाटतं, कारण मधलं फोल्डर सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी खूण, असेल तर कापल्यावर भलतीकडेच पोचाल. खरंच सोडवून हवं असेल तर रिझॉल्व्ह आहे, तो डिस्कवर जाऊन बघतो. शेवटची तिरकी रेघ मात्र गिळून टाकतं, फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकला असा पाथ देणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे त्या रेघेने अर्थ बदलतो.

आणि एक भानगड जी पाथलिबची नाहीच, पण देवनागरीवाल्यांना नडते. लिनक्सच्या एक्स्ट4 फाइलसिस्टमवर फाइलचं नाव जास्तीत जास्त 255 बाइट, आणि आपलं प्रत्येक अक्षर 3 बाइट, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजायचे, नुसतं "कां" 9 बाइट. म्हणजे 85 चिन्हांत खेळ खलास. विंडोजवर हिशोब वेगळा असल्याने दुकानात तेच नाव मजेत चालतं आणि लिनक्सच्या बॅकअपवर अडकतं. मामांना सांगून ठेवलंय, फोल्डरच्या नावात नवरीपर्यंतच थांबा, कै. आजोबा पत्रिकेत छापा.